लायसन ज्याच्या नावावर

काकूंच्या दुकानात औषध घ्यायचं तर आधी लेबल वाचावं लागे. धाडच्या बाजारात, एसटीच्या थांब्यापासून जवळच त्यांचं कृषी केंद्र होतं. शेतकऱ्यानं "काकू, अळीचं औषध द्या" म्हटलं की त्या बाटली काढत, पण हातात देत नसत. काउंटरवर आडवी धरून म्हणत, "वाच." तो म्हणे, चष्मा नाही आणला. मग त्या स्वतःचा चष्मा काढून देत. तोही लागला नाही, तर मागच्या गिऱ्हाइकाला वाचायला लावत. कोणत्या पिकावर, किती पाण्यात, तोंडाला काय बांधून, हे सगळं मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय बाटली काउंटर ओलांडत नसे. घाईतला माणूस चिडून समोरच्या दुकानात जाई. "जाऊ द्या," काकू म्हणत, "त्याच्या कपाशीले माहा नमस्कार सांगा."

मी तेव्हा एका बियाणं कंपनीचा प्रतिनिधी होतो. बुलढाणा जिल्हाभर मोटारसायकलवर फिरायचं, दुकानदारांना गोड बोलायचं आणि साहेबांचं कडू ऐकायचं, ही नोकरी. काकूंनी मला कधी नावानं हाक मारली नाही. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, की त्या मुद्दामच ठेवत नसत, कोण जाणे. शेतकऱ्यांना त्या पिकानं ओळखत. "काय बे मिरची, कशी हाय लागवड?" "सोयाबीन, तुह्या पोरीचं जमलं का?" शेतकऱ्यानं पीक बदललं की त्याचं नावही बदलायचं. मी होतो कंपनी. "या कंपनी, बसा. चहा घेता का नुसतीच क्यालेंडरं वाटत जाता?"

कॅलेंडर मात्र त्यांनी कोणत्याच कंपनीचं लावलं नाही. "भिंत माही हाय," एवढंच सांगत आणि गुंडाळी परत करत. पण जाकीट त्यांनी परत केलं नाही. आमच्या कंपनीनं एका हिवाळ्यात दुकानदारांना निळी जाकिटं वाटली होती, पाठीवर कपाशीचं बोंड छापलेली. पुरुषी मापाची. काकू ते लुगड्यावर घालून बसत, डिसेंबरातही आणि मार्चातही. बोलताना दोन्ही हात जाकिटाच्या खिशात. एखाद्या फौजदाराची बदली धाडला होऊन तो चुकून खताच्या दुकानात बसला आहे, असं नवख्याला वाटे.

त्यांच्या भिंतीवर एकच फोटो होता. त्यात त्यांचे मालक, म्हणजे यजमान, कमरेएवढ्या समुद्रात नारिंगी फुगीर जाकीट घालून, केस ओले, दोन्ही हात वर करून उभे होते. फोटो थायलंडचा.

आमच्या धंद्याबाहेरच्यांना हे समजावून सांगायला हवं. बियाण्याच्या नाहीतर औषधाच्या कंपनीचं टारगेट पुरं केलं की कंपनी दुकानदाराला थायलंडला नेते. बँकॉक, पटाया, समुद्र, परत. थायलंड हा शब्द काढला की आमचा दुकानदार आधी हसतो आणि मग बायको ऐकत तर नाही ना म्हणून मागे वळून पाहतो. काकूंचे मालक चांगले अनेकदा जाऊन आलेले. दर वेळी बॅग काकूंनी भरलेली. धपाटे कोणत्या फडक्यात, चटणी कोणत्या डब्यात, पोटाच्या गोळ्या कोणत्या कप्प्यात, सगळं ठरलेलं. मालक परत येताना पिवळ्या बामच्या बाटल्या आणि एक छत्री आणायचे. काकू विचारायच्या, काय काय पाहिलं? मालक म्हणायचे, "काही नाही वं. बायाईचं काही नाही तिथी पाह्यासारखं."

मग एका पावसाळ्यात, पेरणीचा हंगाम भरात असताना, मालक दुकानातच गेले. काकू तेरावं झाल्यावर काउंटरवर येऊन बसल्या. मुलगा म्हणाला, आई, मी पाहतो. त्या म्हणाल्या, "तू गोडाऊन पाह्य." लायसन त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतलं. लेबल वाचायचा कायदा त्यांनीच सुरू केला. मालकांच्या काळात तो नव्हता.

दोन-तीन हंगाम गेले आणि काकूंनी आमच्या कंपनीचं टारगेट पुरं केलं.

खरीप आटोपल्यावर दरवर्षी बुलढाण्याला एका मंगल कार्यालयात दुकानदारांची बैठक होत असे. जेवण, मग भाषण, मग स्कीम वाचून दाखवायची. त्या वर्षी साहेबांनी एक नवा नियम घातला होता. आदल्या साली एका बहाद्दरानं आपल्या जागी साडूला पाठवलं होतं. साडू मसाल्याचा व्यापारी. त्यानं आठवडाभर कंपनीच्या पैशानं जेवून कंपनीच्याच बियाण्याला शिव्या घातल्या. म्हणून मी माईकवर वाचलं, "परवाना ज्याच्या नावावर, तोच सहलीला जाईल. भाऊ, मुलगा, मेहुणा, साडू, कोणीही चालणार नाही."

सगळ्यांनी हसून टाळ्या वाजवल्या. साडूवाल्या दुकानदारानंही वाजवल्या.

मागच्या रांगेतून निळं जाकीट उठलं. सभागृहात बाई ती एकच. "परत वाचा," काकू म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"म्हंजे ज्याच्या नावानं लायसन, त्याचीच शीट?"

"हो काकू."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. "मंग मले बॅग भरा लागते."

सभागृहभर हशा झाला. जिलेबी वाढणारा पोऱ्यासुद्धा हसला. मीही हसलो, कारण मला वाटलं काकू गंमत करत आहेत. गंमत करणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात गेलो तर दुकानाच्या काउंटरवर धपाट्यांच्या ताटल्या मांडलेल्या. प्रत्येकीत एक कागदाची चिठ्ठी खोचलेली: दूध. दही. नुसतं पाणी. तेल जास्त. आमच्या धंद्यात नवं वाण आलं की एखाद्या शेतात ट्रायल घेतात, प्रत्येक ओळीला पाटी लावतात, आणि शेतकऱ्यांना बोलावून दाखवतात. काकूंनी धपाट्यांची ट्रायल लावली होती, कोणतं जास्त दिवस टिकतं याची. बियाणं घ्यायला आलेल्या माणसाला आधी प्रत्येक ताटलीतला तुकडा खावा लागे आणि मत द्यावं लागे.

"दह्याचं आंबलं काकू."

"काट मारा. दुधाचं?"

"दुधाचं अजून चांगलं हाय."

"मिरची, तू सांग. तुही जीभ बरी हाय."

मी म्हटलं, काकू, हे कशासाठी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लेबल न वाचता बाटली उचलली आहे. "कंपनी, तुमीच वाचून दाखवलं ना माईकवर? ह्याईची बॅग भरतानी मी अंदाजानं करून द्यायची. आता स्वतः खायाचं हाय, तं पक्कं पाह्यजे."

मालकांना अंदाजे आणि स्वतःला पक्कं. मला ते फार आवडलं.

मग फोन सुरू झाले. दिवसातून एकदा तरी. "कंपनी, ठेचा हातातल्या पिशवीत चालते का पोटातल्या?" पोटातली म्हणजे विमानाच्या पोटात जाणारी मोठी बॅग. "कंपनी, तिथी संडासात पानी असते का कागद?" मी चार माणसांत उभा असलो तरी हे प्रश्न स्पीकर न लावताही सगळ्यांना ऐकू जातील इतक्या मोठ्यानं येत. पाणी असतं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग देश बरा दिसते."

त्यांनी बूट घेतले. पांढरे, पळायचे, जाड तळव्याचे. ते लुगड्यावर घालून त्या भर आठवडी बाजारात वांग्याच्या ढिगापासून बैलांच्या दावणीपर्यंत फेऱ्या मारू लागल्या. तिकडे फार चालावं लागतं, असं मीच कधी तरी बोलून गेलो होतो. बाजारातल्या बाया पदराआड हसत. एकीनं विचारलं, काकू, डाक्टरनं सांगतलं का चालाले? आजारी माणसाला सगळं माफ असतं, म्हणून ही पळवाट. काकूंनी ती घेतली नाही. "नाही वं. थायलंडले जाऊन राह्यली. हिंडाले."

पासपोर्टच्या चौकशीला शिपाई आला तेव्हा त्यानं रीतीप्रमाणे शेजारच्या मिठाईवाल्याला विचारलं, बाई कशी आहे? मिठाईवाला म्हणाला, "लेबल वाचल्याशिवाय औषध देत नाही साहेब." शिपायानं विचार करून, हा काही गुन्हा होत नाही, असं म्हटलं आणि पेढा खाऊन गेला.

मुलाचं मात्र डोकं फिरलं होतं. नियम होण्याआधीच त्याची जायची तयारी झाली होती. नारळाची झाडं छापलेल्या आखूड चड्ड्यांचं पार्सल दुकानाच्या पत्त्यावर आलं, आणि काकूंनी ते गिऱ्हाइकांदेखत उघडलं. एक चड्डी वर धरून म्हणाल्या, "हे कोनाचं बियानं?"

त्या दिवशी माझ्यासमोरच जुंपली. मुलगा म्हणाला, "आई, तिथी सगळे मानसं असतात. तू एकटी बाई. बँकॉक म्हटलं की लोक काय म्हनतात तुले माहीत हाय का?"

"काय म्हनतात?"

मुलगा चड्ड्या परत पार्सलात कोंबू लागला. आईसमोर ते सांगायचं कसं?

"तुहा बाप जाये तवा काय म्हनत?"

"ते येगळं होतं."

"कसं येगळं? इमान तेच. समुद्र तोच." त्यांनी जाकिटाच्या खिशातून हात बाहेर काढले, ते त्या क्वचित काढत. "उन्हाळाभर कोनाच्या बांधावर कोन गेलं? बियान्यासाठी रांग लागली तवा दिवसभर उभं कोन राह्यलं? टारगेट म्या पुरं केलं. तू चड्डी घेतली."

सून आतल्या दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला, आणि ती रडत नव्हती.

मुलानं मग मामाला बोलावलं. काकूंचे भाऊ वरवट बकालचे, भाजीपाल्याचे शेतकरी, शांत, पांढरी टोपी, गावात शब्दाला मान. येताना पोतंभर कांदे आणले. चहा झाल्यावर म्हणाले, "बाई, तू काशीले चाल. मी नेतो. रामेश्वर करू. पन हे नको."

"देव मले उद्याबी भेटन," काकू म्हणाल्या. "हे मी कमावलं हाय."

भावानं उठून कांद्याचं पोतं भिंतीला नीट टेकवलं. मग त्यांनी तोडगा काढला, आणि तो काही वाईट नव्हता. "बरं, जाय. पन गावात असं सांगू, की दर्शनाले गेली. तिथीबी मोठमोठी देवळं हायेत म्हनतात. बुद्धाची मूर्ती हाय झोपलेली. मंग कोनाचं तोंड उघडत नाही."

मुलगा खुलला. मीही मनात म्हटलं, सुटलो. आपल्याकडे बाईनं कुठंही जावं, वाटेत देव असला म्हणजे झालं. विधवा बाईनं तर देवाचं बोट धरल्याशिवाय वेस ओलांडूच नये, असा अलिखित कायदा. काकूंनी नुसतं हो म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. गावानं नारळ देऊन वाटेला लावलं असतं.

"दादा," त्या म्हणाल्या, "मी दर्शन करीन, देऊळ लागलं तं. पन मी दर्शनाले नाही जाऊन राह्यली. ह्या वयात देवाच्या नावानं खोटं बोलू का? हिंडाले गेली, असंच सांगजो."

भावानं टोपी काढली, पुन्हा घातली. "लहानपनापासून अशीच हाय हे," ते मला म्हणाले, आणि मला वाटतं त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

पण बातमी देवळांची शेपटी लावूनच गावात फिरली होती. आमच्याकडे कोणी यात्रेला निघालं की शेजारीपाजारी येऊन हातावर अकरा रुपये ठेवतात, आमच्या नावानं देवाच्या पेटीत टाका म्हणून. काकूंकडेही बाया येऊ लागल्या. काकू प्रत्येकीच्या हातात पैसे परत ठेवत. "मी पेटीपाशी नाही, पान्यापाशी जाऊन राह्यली," त्या सांगत. बाया दुखावून परत जात. एकदोघी मात्र रेंगाळत आणि हळूच विचारत, "काकू, पानी म्हंजे किती?"

ते पाणीच त्यांच्या मनात होतं. भिंतीवरच्या फोटोतलं. काकूंनी समुद्र पाहिला नव्हता आणि त्यांना पोहता येत नव्हतं, पण किनाऱ्यावर लुगडं वर धरून पाय भिजवायला त्या जाणार नव्हत्या. त्यांच्या शेतात प्लास्टिक अंथरलेलं शेततळं होतं. एका दुपारी मी शेतावर गेलो तर ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब पाण्यात तरंगत होती. ट्यूबमध्ये काकू होत्या, सुनेच्या पंजाबी ड्रेसमध्ये, डोळे गच्च मिटून. काठावर सून दोर कमरेला गुंडाळून, पाय रोवून उभी.

"सोडू का थोडा दोर?" सून विचारत होती.

"सोड."

"आनखी?"

"सोड म्हटलं ना वं."

मी आलेला पाहून सून लाजली. काकूंनी एक डोळा उघडला. "कंपनी, तिकडलं पानी खारं असते ना? खाऱ्या पान्यात मानूस जास्त तरंगते, असं हे म्हनत." मग डोळा मिटून म्हणाल्या, "एवढंच सांगतलं त्याईनं. तेबी पाहुन्याले सांगत होते, मी आतून ऐकलं."

इतकं सगळं झालं आणि मग साहेबांचा फोन आला. हॉटेलच्या एका खोलीत दोघांची सोय असते. काकू एकट्या बाई, त्यांच्याबरोबर कोणाला ठेवणार? एकटीसाठी खोली कंपनी देत नाही. "मुलाला पाठवायला सांग," साहेब म्हणाले, "या एका केसमध्ये आपण नियम शिथिल करू." नियम कोणासाठी शिथिल होतात हे मी नोकरीत बरंच पाहिलं आहे. मला पहिल्यांदाच साहेबांचा मनापासून राग आला, आणि नोकरी असल्यामुळे मी "बरं सर" म्हणालो.

काकूंना सांगायला गेलो तेव्हा त्या नव्या बॅगेचं चाक फरशीवर फिरवून पाहत होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं त्या भडकतील. त्या खुर्चीत बसल्या आणि हात खिशात घातले. दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी उठल्या नाहीत. पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"म्हंजे आनखी एक बाई पाह्यजे," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो. पण टारगेट पुरं केलेली दुकानदार बाई दुसरी कोण आहे काकू?"

"कोनाकोनाचं झालं, सांगा बरं. दुकानाचं नाव नोका सांगू. लायसनवर कोन हाय ते सांगा."

मी मोबाइलवर बघून सांगायला लागलो, आणि दोन-चार नावांतच अडखळलो. दरवर्षी ही नावं माझ्या डोळ्यांखालून जात होती. कोणाचा नवरा शाळेत मास्तर, कोणाचा ग्रामसेवक. नोकरी असताना धंदा स्वतःच्या नावावर करता येत नाही, म्हणून लायसन बायकोच्या नावावर. दुकान नवरा चालवतो, बैठकीला नवरा येतो, थायलंडलाही नवराच जाऊन येतो, आणि साडूवर नियम घालताना आमच्या साहेबांपासून टाळ्या वाजवणाऱ्यांपर्यंत एकाही शहाण्याच्या हे ध्यानात आलं नाही.

"सगळ्यात जवळचं कोन?"

"जवळचं कोणी नाही. डोणगाव आहे. मेहकरच्या पुढे."

"गाडीत पेट्रोल हाय ना?"

काकू माझ्या मोटारसायकलवर मागं बसून, जाकीट, बूट, कानाला मफलर बांधून डोणगावला आल्या. तिथले दुकानदार गुरुजी होते. रविवार होता म्हणून दुकानात सापडले. मला बघून त्यांनी आधी सहलीची तारीखच विचारली. काकू कोण आणि कशाला आल्या ते मी सांगितल्यावर ते मोकळेपणानं हसले. "अहो, तिला कुठं जमतं? तिला गाडी लागते. आठवडाभर घर कोण पाहील?"

त्यांनी आम्हाला दुकानामागच्या घरात बसवलं, आणि चहा घेऊन त्यांच्या बायको आल्या. चाळिशीच्या, बारीक, पदर दोन्ही खांद्यांवर. काकूंनी कप घेतला. "तुमचं दुकान मोठं हाय."

"दुकान याइचं हाय," त्या म्हणाल्या. "मी नाही बसत."

"भिंतीवर लायसन हाय तिथी. त्याच्यावर नाव कोनाचं हाय?"

"माहंच असंन. सही माही घेतात." त्या नवऱ्याकडे पाहायला लागल्या.

"पाहून तं या."

बाई ट्रे तसाच हातात धरून मधल्या दारातून दुकानात गेल्या. भिंतीपाशी उभ्या राहिल्या. मग ट्रे पोत्यावर ठेवला, चौकट खिळ्यावरून काढली, पदरानं काच पुसली आणि स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं हळूहळू मोठ्यानं वाचलं.

"ते नुसतं कागदावर आहे," गुरुजी म्हणाले.

"टारगेटबी कागदावरच होतं गुरुजी," काकू म्हणाल्या. "इमानाचं तिकीटबी कागदावरच येते."

"अहो पण तिला गाडी लागते."

"मले गाडी नाही लागत," दुकानातून बाईंचा आवाज आला. चौकट अजून हातातच होती. "तुमी मले मागच्या शिटावर बसवता म्हनून लागते."

मी चहा ढवळत बसलो, त्यात साखर आधीच होती. बाई परत आल्या आणि काकूंच्या शेजारी बसल्या. "तिथी मासे खा लागतात का?"

"नाही. दुधातले धपाटे हायेत माह्याजवळ. ट्रायल घेतली हाय."

"समुद्र हाय का खरंच?"

"फोटोत तं हाय," काकू म्हणाल्या. "आपुन पाहून येऊ, खरा हाय का."

त्या दिवशी कोणी हो म्हटलं नाही. नंतरही कित्येक दिवस डोणगावहून काही कळलं नाही. साहेब रोज विचारत, मी रोज टाळत असे. काकूंनी ट्यूब काढून गोडाऊनमध्ये ठेवली होती, आणि बूट खोक्यात. मी दुकानात गेलो की त्या धंद्याचंच बोलत. मग एका सकाळी माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून एक फोटो आला. पांढऱ्या पडद्यासमोर डोणगावच्या बाई, कान दिसतील असे केस मागे घेऊन, टक लावून समोर बघत होत्या. खाली लिहिलं होतं, पासपोर्टसाठी हा चालेल का.

काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग मुलाला हाक मारली. "म्या तुह्या बापाची बॅग भरली, दर वेळी भरली. माही तू भर."

त्यानं भरली. धपाट्यांवर बूट ठेवले. काकूंनी सगळं काढायला लावून पुन्हा भरायला लावलं. मी पाहिलं, दुसऱ्या खेपेला तो नीट भरत होता, आणि पोटाच्या गोळ्या त्यानं न सांगता बाजूच्या कप्प्यात ठेवल्या.

कंपनीच्या वतीनं मीही सोबत होतो, पण थायलंडबद्दल फार सांगायला नको. दोन बाया सोबत असल्यामुळे आमचे दुकानदार बसमध्ये शाळेच्या पोरांसारखे मांडीवर हात ठेवून बसत. संध्याकाळ झाली की त्यांना अचानक डोकेदुखी होई आणि ते लवकर झोपायला जात, निदान सांगत तरी तसं. डोणगावच्या बाई बसमध्ये सगळ्यात पुढच्या सीटवर बसल्या आणि शेवटपर्यंत त्यांना काही लागलं नाही. झोपलेल्या बुद्धापुढे काकूंनी हात जोडले. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "दादाले सांगजा, देऊळ लागलं होतं."

समुद्रावर त्यांनी ते नारिंगी जाकीट घातलं, कमरेपर्यंत गेल्या, छातीपर्यंत गेल्या आणि पाय सोडले. तरंगल्या. त्यांचे डोळे या वेळी उघडे होते. डोणगावच्या बाई त्यांचा हात धरून होत्या, मग त्यांनीही पाय सोडले. मी काठावर त्यांचे बूट सांभाळत होतो. बऱ्याच वेळानं काकू बाहेर आल्या आणि वाळूत बसल्या. समोर बघत होत्या. किनाऱ्यावर फळं विकणाऱ्या बाया, मालिश करणाऱ्या बाया, पोराला पाठीशी बांधून कणसं भाजणारी बाई, पाण्यात लेकरं, जाड बाया, म्हाताऱ्या बाया.

"एवढं पानी पाहून आला हा मानूस," काकू म्हणाल्या, "अन् मले म्हने, बायाईचं काही नाही." त्यांनी मूठभर वाळू उचलली. "काऊन सांगतलं असंन त्याईनं असं, कंपनी? मी काय मांगतलं असतं? नुसतं सांगतलं असतं तरी चाललं असतं मले."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, चेहरा तसाही ओलाच होता. मग म्हणाल्या, "आनखी एकदा जातो," आणि परत पाण्यात गेल्या.

पुढच्या वर्षी साहेबांनी नियम दुरुस्त केला. का केला ते सांगायला नको. जिल्ह्यातल्या बऱ्याच गुरुजींचे आणि ग्रामसेवकांचे फोन त्यांना गेले होते. बुलढाण्याला तीच बैठक, तेच मंगल कार्यालय. या वेळी मात्र पुढच्या रांगेत लायसनवाल्या बाया बसल्या होत्या, चांगली रांगभर. काकू कडेला, निळ्या जाकिटात. नवरे मागच्या रांगेत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

मी माईकवर वाचलं. खरं सांगतो, वाचताना मान वर केली नाही. "परवानाधारक किंवा त्याचा प्रतिनिधी सहलीला जाईल."

मागच्या रांगेत सुटकेचा श्वास ऐकू आला. एकदोन टाळ्याही पडल्या. मी काकूंकडे पाहिलं. त्या उठतील, परत वाचा म्हणतील, असं मला वाटलं. त्या उठल्या नाहीत. हात खिशात घालून त्यांनी शेजारी पाहिलं.

डोणगावच्या बाई उभ्या राहिल्या. पदर एकाच खांद्यावर होता. "प्रतिनिधी कोन, हे कोन ठरवीन?" त्यांनी विचारलं. "कंपनी का लायसनवाली?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब छताच्या पंख्याकडे पाहत होते. "लायसनवाली," मी म्हणालो. माझ्या नोकरीतलं ते एकमेव वाक्य मी कोणाला न विचारता बोललो.

"मंग यंदा मी नाही जात," त्या म्हणाल्या. मागे गुरुजी खुर्चीत सावरून बसले. "माह्या जागी माही जाऊ जाईन. तिनं समुद्र पाह्यला नाही."

काकूंनी एक हात खिशातून काढला आणि माझ्या टेबलाकडे बोट केलं.

"नाव लिहून घ्या, कंपनी," त्या म्हणाल्या. "अन् लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा."